झिपरीची पहिली वाटी

कान इकडे. डोळे इकडे. बोट तोंडातून बाहेर. हां, आता ऐका.

एक होती खार. एवढीशी. मुठीत मावेल एवढीशी. पण शेपटी? शेपटी ही अशी! झुपकेदार! म्हणून तिचं नाव झिपरी.

झिपरी राहायची कडुलिंबावर. लिंबाखाली होतं अंगण. अंगणापलीकडे सोनाकाकीचं घर. घरात काकी, आणि काकीची छोटी पमी. घरामागं परसात भाजीचे वाफे.

उन्हाळा आला. कडकडीत ऊन पडलं. काकीनं गहू भिजवले, गहू वाटले, आणि पातेलंभर चीक शिजवला. रटरट, रटरट, बुडबुड! चिकाच्या कुरडया घातल्या. अंगणात खाट, खाटेवर जुनी साडी, साडीवर कुरडया. गोल गोल, पांढऱ्या पांढऱ्या.

आणि राखण कोणाची? झिपरीची!

कावळा आला, की झिपरी ओरडायची, "चिर्र! चिर्र! चिर्र!"

कावळा म्हणायचा, "काव! काव! राहू दे बाई तुझी कुरडई!" आणि भुर्रकन उडून जायचा.

काकीच्या घरची एक रीत होती. चिकाची पहिली वाटी राखणदाराची. गरम गरम चीक, वर दूध, वर साखर. वाटी ठेवायची लिंबाखालच्या दगडावर. गेल्या उन्हाळ्यात ती झिपरीला मिळाली. यंदाही झिपरीलाच मिळणार. झिपरी सकाळपासून शेपटी विंचरून बसली होती.

वास आला. अहाहा! झिपरी खाली आली.

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

दगड होता. पण दगडावर वाटी नव्हती!

वाटी कुठं? वाटी अंगणाच्या कडेला, गोठ्यात. वाटीत तोंड कुणाचं? भुऱ्याचं!

भुऱ्या म्हणजे शेळीचं नवं करडू. मऊ मऊ, गळ्यात घुंगरू. लप लप लप! चीक संपला. वाटी चाटून पुसून लख्ख!

"पमे, पमे, माझी वाटी!" झिपरी ओरडली.

"अगं, तो रडत होता. लहान आहे ना तो," पमी म्हणाली.

"आणि मी काय म्हैस आहे?"

झिपरीच्या पोटात कसंतरी झालं. भूक होती का? होती थोडी. पण हे काही भुकेचं नव्हतं. घुंगरू त्याला. पमीची मांडी त्याला. गालाचा पापा त्याला. आणि आता वाटीसुद्धा त्यालाच!

"त्याला का? मला का नाही?"

जळली गं बाई, जळली! नाकापासून शेपटीपर्यंत झिपरी जळली.

मग काय! गेली तरातरा काकीकडे.

"काकी, काकी, माझी वाटी भुऱ्यानं खाल्ली! मला चीक दे."

"अगं बया!" काकी म्हणाली. "राखणदाराची वाटी करडाला? थांब हं, दुसरं पातेलं चढवते."

काकीनं फुंकणी घेतली. फू फू फू! जाळ काही होईना. नुसता धूर. काकीच्या डोळ्यांत पाणी, नाकात पाणी.

"चूल पेटेना गं, झिपरे. चूल पेटली, की शिजवते."

गेली झिपरी चुलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

"चुली, चुली, पेट ना.
चूल पेटेना,
काकी शिजवेना,
मला मिळेना चीक,
आणि भुऱ्या बसलाय ओठ चाटत!"

चूल म्हणाली, "फुस्स! मी नाही पेटणार. तो उंबरा बघ. त्याला सारवण, त्याला रांगोळी, त्याला हळदकुंकू. मी सगळ्यांना जेवू घालते, आणि मला काय? राख! त्याला का? मला का नाही? मला ओल्या मातीनं सारवा, मग पेटते. जा, मातीला सांग भिजायला."

झिपरीला वाटलं, खरंच की. चुलीचं पण माझ्यासारखंच झालंय.

गेली झिपरी मातीकडे. परसाच्या कोपऱ्यात मातीचा ढीग होता. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

"माती, माती, भीज ना.
माती भिजेना,
चूल पेटेना,
काकी शिजवेना,
मला मिळेना चीक,
आणि भुऱ्या बसलाय ओठ चाटत!"

माती म्हणाली, "खर्र खर्र! मी नाही भिजणार. ती भेंडी बघ. पाणी आलं की भेंडीला. पुन्हा आलं की पुन्हा भेंडीला! प्यायली, फुगली, डोलायला लागली. आणि माझा घसा कोरडा. तिला का? मला का नाही? माझ्याकडे पाट धावत आला, की भिजते. जा, पाटाला सांग."

गेली झिपरी पाटाकडे. पाट म्हणजे वाफ्यांच्या मधली पाण्याची वाट. विहिरीचं पाणी त्यातूनच जायचं. पण आज पाट बसला होता फुगून. पाणी जागच्या जागी, डबडब डबडब.

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

"पाटा, पाटा, धाव ना.
पाट धावेना,
माती भिजेना,
चूल पेटेना,
काकी शिजवेना,
मला मिळेना चीक,
आणि भुऱ्या बसलाय ओठ चाटत!"

पाट म्हणाला, "डबुक! मी नाही धावणार. ती कोंबडी बघ. भोपळ्याच्या वेलीखाली गार सावलीत पसरलीय. काम ना धाम! आणि मी दिवसभर उन्हात. चटके बसतात चटके! तिला का? मला का नाही? वेल माझ्यावर वाकली, सावली पडली, की धावतो. जा, वेलीला सांग."

काय बाई, जो तो आपला जळतोच आहे!

गेली झिपरी वेलीकडे. भोपळ्याची वेल मांडवावर चढली होती. पानं ही मोठी मोठी. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

"वेली, वेली, वाक ना.
वेल वाकेना,
पाट धावेना,
माती भिजेना,
चूल पेटेना,
काकी शिजवेना,
मला मिळेना चीक,
आणि भुऱ्या बसलाय ओठ चाटत!"

वेल म्हणाली, "सळसळ! मी नाही वाकणार. ती वांगी बघ. काकी लेंडीखत घालते, ते सगळं वांग्यांना. खाऊन खाऊन टम्म झालीत मेली! माझ्या मुळाशी एक लेंडी नाही. त्यांना का? मला का नाही? मला लेंड्या मिळाल्या, की वाकते."

"लेंड्या? लेंड्या कोण देणार?" झिपरीनं विचारलं.

"कोण म्हणजे? भुऱ्या!"

अरे देवा! भुऱ्या?

झिपरी थांबली. तिची शेपटी खाली आली. दुसऱ्या कुणाकडेही गेली असती. विंचवाकडे गेली असती, काट्याकडे गेली असती. पण भुऱ्याकडे?

पण चीक! दूध-साखर घातलेला चीक!

गेली झिपरी भुऱ्याकडे. तुरु... तुरु... शेपटी खाली.

भुऱ्या खुंट्याला बांधलेला होता. झिपरीनं त्याच्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघितलं आणि म्हणाली,

"भुऱ्या, भुऱ्या, लेंड्या टाक ना.
भुऱ्या लेंड्या टाकेना,
वेल वाकेना,
पाट धावेना,
माती भिजेना,
चूल पेटेना,
काकी शिजवेना,
मला मिळेना चीक,
आणि... आणि..."

आता काय म्हणायचं? तोंडावरच म्हणायचं?

"आणि तू बसलायस ओठ चाटत!"

भुऱ्यानं पटकन ओठ पुसले. मग म्हणाला, "बेंऽऽ! मी नाही टाकणार जा! सगळे म्हणतात, झिपरीची शेपटी, झिपरीची शेपटी! माझी बघ. एवढुशी! तुला सगळं झाड. मला एवढीशी दोरी. तू वर उड्या मारतेस, मी खालून बघतो. माझी आई सकाळीच रानात चरायला जाते. मी एकटा. मग मला रडू येतं. तुला का सगळं? मला का नाही?"

झिपरीचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे तू माझ्यावर जळतोस?"

"खूप!"

झिपरीला बरं वाटलं. फार फार बरं वाटलं! आणि मग, थोड्या वेळानं, तिला वाईट वाटलं. दिवसभर आई नाही. दिवसभर दोरी. एक वाटी चीक खाऊन काय होणार?

"बरं, मग तुला काय हवं?" ती म्हणाली.

"शेपटी."

"वेडा रे वेडा! ती चिकटलेली आहे!"

"मग नाकावरून फिरव. एकदाच."

झिपरीनं शेपटी उचलली. भुऱ्याच्या नाकावरून फिरवली. गुदगुल्या, गुदगुल्या, गुदगुल्या! भुऱ्या हसला. हसता हसता उडाला. छुम छुम छुम, घुंगरू वाजलं. उडता उडता काय झालं?

टप टप टप टप, लेंड्या पडल्या!

"पमे, पमे, झाडू आण!" झिपरी ओरडली.

पमी आली धावत. लेंड्या झाडल्या, भरल्या, टोपलीतून नेऊन वेलीच्या मुळाशी घातल्या. आणि मग?

भुऱ्यानं लेंड्या टाकल्या,
वेल वाकली, सळसळ!
पाट धावला, खळखळ!
माती भिजली, पचपच!
पमीनं चूल सारवली, सर्र सर्र!
उन्हानं चूल सुकली, चट्ट!
चूल पेटली, भडभड!
काकीनं चीक शिजवला, रटरट, रटरट, बुडबुड!

आणि वाटी आली! लिंबाखालच्या दगडावर वाटी आली. गरम गरम चीक, वर दूध, वर साखर. आणि साखर काकीनं जरा जास्तच घातली होती.

"घे गं, माझी राखणदारीण!" काकी म्हणाली.

झिपरीनं वाटीत तोंड घातलं. गाल फुगले. ह्या गालात चीक, त्या गालात चीक. आता बाहेरचं काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात कोण आलं? कावळा! राखणदार जेवतेय, हे त्यानं बघितलं. हळूच खाटेवर उतरला. एक कुरडई चोचीत धरली.

झिपरीनं मान वर केली, आणि दिसलं! ती ओरडायला गेली. पण तोंडात चीक. "चिम्म... चिम्म..." आवाज फुटेना!

"बेंऽऽऽ!"

कोण ओरडलं? भुऱ्या! दोरी ताणली, पाय आपटले, घुंगरू वाजवलं. बेंऽऽ! छुम छुम छुम! बेंऽऽ!

कावळा एवढा दचकला, की कुरडई टाकून पळाला. "काव! काव! आता ही दोघं झाली का!"

झिपरीनं चीक गिळला. भुऱ्याकडे बघितलं. भुऱ्या वाटीकडे बघत होता. नुसता ओठ चाटत होता.

झिपरीनं वाटीत बघितलं. थोडा चीक उरला होता. तळाचा. गोड गोड. सगळ्यात चवदार. तिच्या पोटात परत थोडंसं जळलं. हो, जळलंच! लगेच कुठं जातं ते?

पण तिनं नाकानं वाटी ढकलली. सर्र... सर्र... भुऱ्याच्या दोरीच्या टोकापर्यंत.

"घे. तळाचा तुझा."

लप लप लप!

दुसऱ्या दिवशी काकीनं पुन्हा चीक शिजवला. पमीनं दगडावर वाट्या ठेवल्या. दोन. राखणदार दोन, तर वाट्या दोन! दगडापर्यंत पोचेल अशी भुऱ्याला लांब दोरीही बांधली.

झिपरी खाली आली. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर! तिनं इकडून बघितलं. तिकडून बघितलं. दोन्ही वाट्या सारख्या. अगदी शेजारी शेजारी.

मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं आपली वाटी ढकलली. जराशी. बोटभर पुढं.

"आता ठीक आहे," झिपरी म्हणाली. "पहिली ती पहिलीच!"

भुऱ्यानं बघितलं होतं. पण त्यानं नुसतं नाक पुढं केलं. झिपरीची शेपटी त्याच्या नाकाजवळ होती ना!

चीक संपला, वाटी धुतली, कुरडई वाळली, गोष्ट निजली. आता तुम्हीही निजा.