आखूड शेंगांचा मोठा कोन

“मग चूक कुणाची, बाई? माझी?”

विश्वंभर ढोणेने शिडीखालून विचारलं. वर शेवग्याच्या फांद्यांत केंगले बाई उभ्या होत्या. रिटायर होऊन जमाना झाला. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत, पण शेंगा दिसल्या की शिडीवर सरसर.

“शिडी धर,” बाई म्हणाल्या.

“धरलीय. चूक कुणाची ते सांगा.”

“दोन्ही हातांनी धर. बोलायला लागलास की तुझा एक हात हवेत जातो. सहावीत होतास तेव्हाही जायचा.”

त्याने दोन्ही हातांनी धरली. वरून एक शेंग त्याच्या डोक्यात पडली.

हा विश्वंभर गावच्या शाळेत सहावीला गणित शिकवायचा. आणि असंतसं नाही. रंगीत खडू काय, पुठ्ठ्याचे कोन काय, स्वतः करवतीने कापलेलं हे एवढं थोरलं लाकडी कोनमापक काय! साहित्याच्या स्पर्धेत तालुक्यात पहिला आला होता आणि ते कुणाला विसरू देत नव्हता. ज्या बाईंच्या हाताखाली शिकला, त्यांना तर मुळीच नाही.

आणि घटक चाचणीत त्याची सहावी धाडकन आपटली.

“पहिलाच प्रश्न, बाई! फुकटचा प्रश्न. दोन कोन काढून दिलेत, मोठा कुठला ते सांगा. मोजायचं नाही, काही नाही, नुसतं बघायचं. निम्म्याच्या वर वर्ग चुकला!”

“हं.”

“मी रोज विचारतो, समजलं का? रोज! आणि सगळा वर्ग पत्रे उडतील असा ओरडतो, होऽऽ सर! मग पेपरात ही माती कशी?”

“हं.”

“ढ आहेत. एकजात ढ. माझं डोकं उठलंय. उद्या सकाळी हेडमास्तरांना सांगतो, सहावीचं गणित माझ्याकडून काढून घ्या.”

एवढं बोलून तो थांबला. बाई आता म्हणतील, अरे नको रे, तुझ्यासारखा शिकवणारा दुसरा आहे का कुणी... त्याने मान वर केली, ऐकायची तयारी केली.

बाईंनी आकडी अडकवली. ओढली. शेंग तुटली.

“सांग,” त्या म्हणाल्या.

विश्वंभरचं तोंड एवढंसं झालं.

“कुणाला देतील मग?”

“भूगोलाच्या सरांना.”

“त्यांना अपूर्णांक बघून घेरी येते.”

“येऊ द्या!”

“पुढं वर्षभर पोरं त्या घेरीतच बसणार का?”

हे विश्वंभरलाही ठाऊक होतं. रात्रभर तेच तर डोक्यात फिरत होतं. पण अपमान झालेल्या माणसाला खरं बोललेलं जास्तच टोचतं.

बाई खाली उतरल्या. शेंगांचा भारा त्याच्या हातात कोंबला.

“उद्या येते मी. सोडायचा तर सोड. पण आधी तुझा वर्ग एकदा मला दाखव.”

सकाळी विश्वंभर आधी हेडमास्तरांकडे गेला आणि मनातलं बोलून मोकळा झाला. हेडमास्तर गोडांबे म्हणाले, “भूगोलवाल्यांना विचारून बघतो. दुपारपर्यंत सांगतो.” विश्वंभर वर्गात आला, तर बाई मागच्या बाकावर बसलेल्या. एका अंगाला सगुणा, दुसऱ्या अंगाला फैजान. पायाशी कापडी पिशवी, तिच्यातून शेंगा बाहेर डोकावतायत.

“खिचडीवाल्या मावशींना द्यायच्यात,” बाई म्हणाल्या. “तू चालू दे तुझं.”

आणि विश्वंभरने चालू केलं. काय शिकवलं म्हणता! फळ्याच्या कोपऱ्यात सुबकसा लघुकोन काढला, गुलाबी खडूने. मध्ये काटकोन, पिवळा. मग मोठी पट्टी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार विशालकोन खेचला. त्याची एक भुजा फळा सोडून भिंतीवर गेली. आवाज वर, आवाज खाली. मध्येच एक विनोद. पोरं हसली. भरल्या वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, असा वर्ग.

मग त्याने खडूचे हात झटकले.

“समजलं का?”

“होऽऽ सर!”

विश्वंभरने बाईंकडे पाहिलं. बघा म्हणावं.

बाईंनी कानात करंगळी घालून हलवली.

“हो कोण म्हणालं?”

“सगळे, बाई. ऐकलंत की तुम्ही.”

“सगळे नावाचा मुलगा कुठं बसतो?”

वर्ग खिदळला. विश्वंभर नाही खिदळला.

बाई शेजारी वळल्या. “काय गं सगुणा, तू म्हणालीस हो?”

“हो बाई.”

“काय समजलं?”

सगुणाने फळ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग पहिल्या बाकावरच्या तेजलकडे. तेजल म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार. सर काहीही विचारोत, पहिला हात तिचा.

“...काही नाही, बाई.”

“मग हो का म्हणालीस?”

सगुणा वेणीचं टोक चावायला लागली. फैजानच्या पोटात राहीना.

“बाई, ते आम्ही ठरवलंय.”

“काय ठरवलंय?”

“नाही म्हणायचं नाही.”

“फैज्या, गप!” तेजल दबल्या आवाजात ओरडली.

“तू बोल रे,” बाई म्हणाल्या. “तिला मी बघते.”

“मागं एकदा सुहानी नाही म्हणाली होती. तर सरांनी पहिल्यापासून परत शिकवलं. परत विचारलं, समजलं का? ती परत नाही म्हणाली. सरांनी अजून एकदा पहिल्यापासून शिकवलं. तेच्या तेच! मधली सुट्टी गेली, बाई. खिचडीचा पार दगड झाला. तेव्हापास्नं सगळ्यांनी ठरवलं...”

“आणि सर किती जीव तोडून शिकवतात,” सगुणा हळूच म्हणाली. “नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. बघवत नाही.”



विश्वंभरला वाटलं, ते थोरलं कोनमापक डोक्यावर घ्यावं आणि त्याच्याआड लपावं. इतके दिवस ज्या ‘हो’वर त्याने छाती फुगवली, ती या चिमण्यांनी त्याच्यावर केलेली दया होती!

“बाई, मी...”

“तू थांब.” बाई पिशवी घेऊन उठल्या. “पोरांनो, एकमेकांकडं पाठ करून बसा. शेजाऱ्याचं बघायचं नाही. तेजलचं तर अजिबात नाही. प्रत्येकाला दोन शेंगा. बाकावर ठेवायच्या, टोकाला टोक लावायचं, काटकोन करायचा.”

वर्गात शेंगा वाटल्या गेल्या. कुणाला लांब, कुणाला आखूड. फैजानने एक हुंगून पाहिली. काटकोन मात्र सगळ्यांना जमले, थोडे इकडेतिकडे.

विश्वंभरच्या जिवात जीव आला. “बघा, येतंय की.”

“आता,” बाई म्हणाल्या, “प्रत्येकानं ह्याच्याहून मोठा कोन करा.”

आणि वर्गात बाजार भरला.

“बाई, मला लांब शेंग द्या!”

“माझ्या आखूडच आहेत, माझा मोठा कसा होईल?”

“सुहानीला लांब दिल्या, मला का नाही?”

सगुणा आपल्या वीतभर शेंगांकडे बघून रडकुंडीला आली. तेजलने, हो, तेजलनेच, कंपासपेटीतली पट्टी काढून शेंगेच्या पुढे जोडली आणि विजयी मुद्रेने मान वर केली. कोनाचं तोंड होतं तेवढंच, नुसती भुजा वाढली.

“आता लहान कोन करा.”

कट्! फैजानने शेंग मधोमध मोडली.

विश्वंभर बाकाबाकांमधून फिरला. इकडे बघतो तर लांब शेंगा. तिकडे बघतो तर मोडलेल्या शेंगा. कोनाचं तोंड कुणीच उघडत नव्हतं, मिटत नव्हतं. मोठा म्हणजे लांब, लहान म्हणजे आखूड. अख्ख्या वर्गाचं एकच म्हणणं, आणि तो ते पहिल्यांदा बघत होता.

“हे... हे ह्यांना शिकवलं कुणी?”

बाईंनी नुसती हनुवटी उचलली. फळ्याकडे.

कोपऱ्यात, सुपारीएवढा, गुलाबी लघुकोन.

आणि फळ्याच्या या टोकापासून पार भिंतीपर्यंत हिरवा विशालकोन.

विश्वंभर बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. रोज असाच काढायचा तो. लहान कोन लहानसा, मोठा कोन मोठाच्या मोठा. दिसायला छान दिसायचं. पोरांनी त्याची रेघ न् रेघ गिरवली होती.

तो ताडकन् फळ्याकडे निघाला. “पोरांनो, चुकलं! ऐका, कोन म्हणजे...”

बाईंनी त्याचा शर्ट मागून धरला.

“सांगू नकोस.”

“मग काय करू?”

“सांगून झालंय ना इतके दिवस?”

विश्वंभर उभा राहिला... हात हवेत. मग हात खाली आला. तो फैजानच्या बाकाशी गेला, मोडलेल्या शेंगेचे तुकडे उचलले आणि पुन्हा काटकोनात ठेवले. तेजलला हाक मारली.

“तुझा काटकोन आण गं. पट्टीसकट.”

तिने आणला. त्याने फैजानचे तुकडे तेजलच्या लांबलचक काटकोनाच्या आत सरकवले. टोकाला टोक लावलं.

बरोब्बर बसले. भुजेवर भुजा.

आता त्याला बोलायची अशी काही उबळ आली की विचारू नका. त्याने ओठ दाबून धरले.

फैजानने वाकून पाहिलं. तेजलने वाकून पाहिलं.

“अगं बया...” तेजल म्हणाली. “एकच आहे की.”

“कसा एकच? तुझा केवढा लांब आहे!”

“लांब आहे रे, पण तोंड बघ ना. तोंड तेवढंच उघडलंय!”

“मग माझा मोठा करायचा तर?”

तेजलने बोलायला तोंड उघडलं. पण आधी हात सगुणाचा गेला. मागच्या बाकावरून ती पुढे आली होती. तिने आपल्या आखूड शेंगा बाकावर ठेवल्या, जोडलेलं टोक धरलं आणि दुसरी टोकं फाकवली. अजून फाकवली. कोन चांगलाच पसरला.

“माझा मोठा झाला!” सगुणा ओरडली. “आखूडच शेंगा, तरी मोठा!”

मग काय! प्रत्येकाला मोठा कोन हवा. शेंगा फाकल्या, कोपरं एकमेकांच्या बरगडीत गेली, एकाची शेंग दुसऱ्याच्या बाकावर गेली. भांडण जुंपलं, कुणाचा मोठा ते. कुणी म्हणालं मोजूया, आणि ते थोरलं लाकडी कोनमापक आयुष्यात पहिल्यांदा पोरांच्या हातात पडलं.

विश्वंभर फिरत होता. सवयीने शब्द ओठांवर आला, “समज...” आणि त्याने जीभ चावली. त्याऐवजी वाकून बघितलं. सुहानीला जमलंय. त्या खिडकीपाशच्याला नाही जमलं, तो अजून लांब शेंग शोधतोय. त्याच्या पलीकडची नुसती शेजारणीचं बघून करतेय. तो तिच्याजवळ बसला. शिकवलं नाही. “तू कसा केलास, मला दाखव,” म्हणाला आणि गप्प राहिला. गप्प राहणं त्याला केवढं जड गेलं ते त्याच्या कपाळावरच्या घामाला विचारा.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. खिचडीचा वास वर्गात शिरला. कुणी हललं नाही.

दारात हेडमास्तर गोडांबे उभे राहिले. कानावर हात.

“ढोणे, हा काय गोंधळ? बरं ऐका, भूगोलवाले तयार झालेत. रडत-खडत का होईना, हो म्हणाले. मग द्यायची ना त्यांना सहावी?”

गोंधळ एकदम थांबला. सगुणाची शेंग हातातच राहिली. फैजानने सरांकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड असं उतरलं की बघवेना.

विश्वंभर उठला. गुडघे झटकले.

“नाही सर. सहावी माझ्याकडेच राहू द्या.”

“सकाळी तर ढ म्हणत होता.”

“सकाळी म्हणत होतो.”

“का? आता समजला का कोन ह्यांना?”

जुन्या सवयीने दोघा-तिघांचं ‘होऽऽ’ निघालंही, पण अर्ध्यातच विरलं.

विश्वंभरने खिडकीपाशच्या पोराकडे पाहिलं, मग शेजारणीचं बघणारीकडे, मग तेजलकडे.

“माहीत नाही, सर. काहींना आलाय, काहींना नाही. बघतोय अजून.”

आणि तो परत खिडकीपाशच्या बाकाकडे वळून खाली बसलासुद्धा.

हेडमास्तर बघतच राहिले. बाई मोडक्या शेंगा पिशवीत भरत दाराशी आल्या, तसे ते त्यांच्या कानाशी लागले.

“बाई, हा तुमचा विद्यार्थी, म्हणून विचारतो. एवढी वर्षं नोकरी झाली, आणि म्हणतो माहीत नाही! असला कसला हो हा मास्तर?”

“नवीन आहे,” बाई म्हणाल्या. “आजच लागलाय.”