वाघिणीचा आवाज

घाटात दिवसाकाठी दहा गाड्याही दिसत नसत, तेव्हाची ही गोष्ट. दौलत गवसांच्या मोटारसायकलचं नाव होतं वाघीण. तिच्या जोड सायलेन्सरचा आवाज दोन वळणं आधी ऐकू यायचा आणि तिला त्याचा भारी माज होता.

पण लांबलांबच्या प्रवासांनी गवसांचे कान बधिर होऊ लागले. गॅरेजात चार-पाच सायलेन्सर लावून बघून त्यांनी सगळ्यांत हळू आवाजाची जोडी निवडली. वाघीण चरफडली, "आता मला कोण विचारणार?"

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना तिला खालून कण्हणं ऐकू आलं.

"कोण गं ते?"

"मी, चेन. तेलावाचून पार झिजलेय, बाईसाहेब. तीन पावसाळे झाले."

"मग बोलायला काय झालं होतं तुला?"

"रोज बोलत होते. तुमच्या गर्जनेत कुणाला ऐकू जाणार?"

वाघीण वरमली. तेवढ्यात गवसांच्याही कानावर ती कुरकुर गेली. "चेन आवाज करतेय वाटतं," ते म्हणाले. "खाली पोचलो की तेल देऊ."

"थांबा! इथंच थांबा!" वाघीण जिवाच्या आकांतानं ओरडली. पण तिचा आवाज आता फारच हळू झाला होता.

कड्यावरच्या वळणाला चेन तुटली.