पानजाईला फूल चालत नाही

माळवंगणच्या टेकडीवर पानजाईचे ठाणे आहे. पायथ्याच्या दुकानातून शेवंतीचा हार घेऊन तुम्ही वर आलात, तर गुरव त्याला हातही न लावता परत पाठवतो. पाहुण्यांना राग येतो, कुणी देवीलाच अरसिक म्हणून थट्टा करतात. करोत बापडे. इथे देवीला उंबराचे पान वाहतात, फूल नाही. ठाण्यामागे कारळ्याची जी पिवळी पट्टी दिसते, तिच्यातला दाणाही कुणी घरी नेत नाही. या दोन्हींमागे राही नावाच्या बाईचे दुःख आहे, असे सांगतात.

राहीची दोन मुले पाळण्यातच गेली होती. तिसरा तरी जगावा म्हणून त्याचे नाव चिंधू ठेवले. नवराही लवकर गेला. घरात उरली ती, चिंधू आणि कड्यावरची मोहोळे काढणारा म्हातारा सासरा लुमा. एका श्रावणात चिंधू तापाने असा झोपला की डोळे उघडेना. राहीने ठाण्यावर डोके टेकले आणि बोलून बसली, "आई, माझं पोर उठव. तुला लाख फुलांची लाखोली वाहीन."

पोर उठले. मग नवस फेडायला सारा गाव हौसेने डोंगरावर लोटला. सोनकी, तेरडा, बांधावरचा एकूणएक तुरा खुडून टोपल्या भरल्या. लुमा एकटाच आडवा आला म्हणे.

"पोरी, फुलातल्या गोड रसावर माशी जगती. ती कुंभारीण माशी बी त्योच पिती, मंग आपल्या पिकावरल्या अळ्या उचलून पिलांना नेती. समद्यांचं ताट वढून तू देवीम्होरं मांडतीस. तिला भूक हाय का?"

"मामा, बोललेलं फेडलं न्हाई, तर माझा चिंधू ऱ्हाईल का?"

म्हातारा वाटेतून बाजूला झाला.

देवी फुलांत बुडाली. पुढे कड्यावरची मोहोळे रिकामी झाली. शेतातला कारळा फुलला, पण त्यावर गुणगुण नव्हती. फुले तशीच सुकली, आत दाणा भरला नाही. वरईवर अळी पडली आणि तिला न्यायला कुंभारीण फिरकली नाही. राही निर्माल्य काढायला गेली, तर वाळल्या फुलांच्या ढिगात मेलेल्या माश्यांचा खच पडलेला. खुडलेल्या फुलांतही त्या बिचाऱ्या रस शोधत आल्या होत्या. राही तिथेच बसून रडली. आपले लेकरू मागून घेतले आणि आईची लेकरे उपाशी मारली, असे तिच्या मनाने घेतले.

पुढचा आषाढ गावाने कंद उकडून काढला. डोंगरावर तेरडा उगवेना, कारण त्याचे बी पडलेच नव्हते. राहीच्या घरी एका तुंब्यात आदल्या सालचा कारळा उरला होता, गावातला शेवटचा. कुटून खाल्ला असता तर चिंधूच्या पोटाला आधार झाला असता. तो पुन्हा अंथरुणाला लागला होता आणि पडल्या पडल्या तुंब्याकडे बघायचा.

राहीने तो माश्यांसाठी पेरायचे ठरवले, तेव्हा लुमाच म्हणाला, "माश्यांचं ऱ्हाऊ दे आता. आधी पोराला घाल."

"त्यांच्या तोंडचं म्या काढलं, मामा," राही म्हणाली. तिने तुंबा उचलला आणि ठाण्यामागे सगळा पेरून टाकला. तिला आई म्हणावे की वैरीण, यावर गावात अजून वाद होतात.

पट्टी फुलायच्या आधीच चिंधू गेला. या खेपेला राहीने देवीकडे काही मागितले नव्हते.

मग कारळा फुलला. कुठून कोण जाणे, एक माशी आली आणि फुलावर उतरली. राहीने तिला पोराच्या नावाने जेवायला बोलावले, असे सांगतात. हळूहळू मोहोळे भरली, कुंभारणीही आल्या. त्या सालचे बी गावाने वाटून पेरले आणि पट्टी कायमची माश्यांना सोडून दिली. राही मात्र त्यानंतर कधी पोटभर जेवली नाही म्हणे.

आजही पट्टी फुलली की माळवंगणच्या बायका कडेला येऊन बसतात. पहिली माशी उतरली की त्यांतली थोरली बाई हळूच म्हणते, "ये चिंधू, जेव." आणि माशीचे पोट भरून ती उडेपर्यंत कुणी जागचे हलत नाही.