खांबेट्यांची सही

बहुभाषी शब्दकोशाच्या कचेरीत मुख्य संपादक खांबेटे यांची 'तपासले' अशी सही झाल्याशिवाय एकही पान छापायला जात नसे. इंग्रजीत 'फरक दिसणे' आणि 'नेमके ओळखणे' यांसाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत. शरयू निमकरने चार महिने खपून त्यांना रशियन आणि आर्मेनियन शब्द शोधले होते. खांबेट्यांनी भर बैठकीत त्यांतले निम्मे लाल पेनने खोडले.

"दोन्ही एकच हो, निमकरबाई. उगाच घोळ घालू नका."

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छापायला निघालेल्या गठ्ठ्यांतून तिने एक आर्मेनियन आणि एक जॉर्जियन पान ओढलं आणि त्यांच्यापुढे आपटलं.

"या दोन लिप्या वेगळ्या आहेत, दिसतंय ना सर?"

"न दिसायला काय झालं? मी काय आंधळा आहे?"

"मग यातली आर्मेनियन कोणती, तेवढं सांगा."

खांबेट्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बोट काही कुठल्या पानावर टेकेना.

"फरक दिसला, पण ओळखता आलं नाही. तुम्ही खोडलंत ते हेच," शरयू म्हणाली. "आणि सर, 'तपासले' म्हणून तुमची सही दोन्ही पानांवर आहे."