शेवरीचा बाण डावीकडेच का जाई

शेवरी दमली होती. हात दमले होते, खांदे दमले होते, आणि दोरी ओढून ओढून उजव्या हाताची तीन बोटं मिरचीसारखी लालेलाल झाली होती. खरं तर नऊ वर्षांच्या मुलीनं इतकं दमू नये. पण तिची आई नदीपलीकडे अडकली होती, आणि तिला अलीकडे आणायला शेवरीशिवाय कुणी नव्हतं.

त्याचं असं झालं. शेवरीचं गाव म्हणजे चार झोपड्या, दोन बकऱ्या आणि ढीगभर रानफुलं; पिवळी, जांभळी, गुलाबी, इवली इवली. गावापुढे निळी-हिरवी फेसाळ नदी. नदीपलीकडे उभाच्या उभा कडा, हिरव्या मखमली शेवाळाचा, आणि त्या कड्यात एकच फट, दाराएवढी. ये-जा करायची ती दोरांच्या झुलत्या पुलावरून, त्या फटीतून. हा पूल दरवर्षी पुरात तुटायचा. मग शेवरीची आई आपलं धनुष्य काढायची. मोठं देखणं धनुष्य ते. त्याची दोन्ही टोकं पुढे वळलेली, ऐटीत पिळलेल्या मिशांसारखी. आई बाणाला बारीक सूत बांधायची आणि बाण नेमका फटीत सोडायची. भिवाआजोबा पुराआधीच पलीकडे जाऊन राहिलेले असायचे. ते बाण उचलायचे, सूत ओढायचे. सुतामागून सुतळी यायची, सुतळीमागून दोर, आणि दोरामागून पूल.

यंदा मेला पूर लवकर आला. आई मध आणायला पलीकडे गेली होती, तेवढ्यात पूल वाहून गेला. बाण उचलणारे आजोबा राहिले अलीकडे, आणि बाण सोडणारी राहिली पलीकडे! धनुष्य घरात खुंटीला. आजोबांचे हात थरथरायचे, आणि गावात दुसऱ्या कुणाला बाण सोडता येत नव्हता. वळसा घालून जायला वाट नव्हती. आईनं उंबरांवर दिवस काढले होते, पण आज अकरावा दिवस, आणि उंबराच्या झाडावर आता नुसती पानं उरली होती.

त्यात गावाचा एक जुना रिवाज होता. पलीकडच्यानं फटीच्या आडोशाला उभं राहून लाल फडकं उंच धरायचं. बाण सोडणारा उभा आहे तोवर ते खाली करायचं नाही. आणि फडकं वर आहे तोवर बाण सोडणाऱ्यानं बसायचं नाही. त्यामुळे शेवरी उभी होती म्हणून आई बसत नव्हती, आणि आई उभी होती म्हणून शेवरी बसत नव्हती. अकरा दिवस दोघी एकमेकींना अशा उभ्या करून ठेवत होत्या. माया अशीही असते, काय करणार!

बाण कड्यावर आपटायचा, नदीत पडायचा, आणि शेवरी ओलं जड सूत हातानं परत ओढून घ्यायची. मागे बसलेल्या गावकऱ्यांचे सल्ले चालूच. "वर धर गं." "छे, खाली धर." "अजून ओढ." "श्वास रोख." बिचारी चारही ऐकायची, चारही एकदम करायची. बाण पुन्हा डावीकडे. मग कुणीतरी पुटपुटायचं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

अकराव्या दिवशी सकाळी सूत ओढताना ते करवंदीच्या जाळीत अडकलं. शेवरी वाकून बघते तर काय! सुताच्या गुंत्यात एक चिमुकली परी. बोटभर उंचीची. पंख मोरपंखी, झगा पहाटेच्या आभाळाच्या रंगाचा, केसांत दवाचे चमचमते थेंब. पण चेहरा अगदी आंबलेला.

"हिसका देऊ नकोस हं, बाळ," परी म्हणाली. "पंख नाजूक आहेत."

शेवरीला रडूच आलं. पलीकडे फडकं वर होतं, आई वाट बघत होती. पण ती खाली बसली आणि आपल्या सुजलेल्या बोटांनी एकेक पीळ सोडवत राहिली. सूर्य हातभर वर आला तेव्हा कुठे शेवटचा पीळ सुटला.

"लागलं का गं, परीताई?"

"ताई कसली? तीनशे सात वर्षांची आहे मी. आजी म्हण." परीनं पंख झटकले, तशी सोनेरी चांदणी धूळ उडाली. "गुणाची पोर आहेस. तीन इच्छा देते. पण आधी नियम ऐक. लोक नियम ऐकत नाहीत आणि मग माझ्या नावानं खडे फोडतात. बाण फटीत घाल असं मागायचं नाही, आईला उचलून आण असंही नाही. तेवढं बळ माझ्यात नाही. एका इच्छेनं एकच गोष्ट बदलेल. आणि ती बदलली की सहा बाण सोडायचे, नुसतं बघायचं, मगच दुसरी इच्छा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशानं सुधारलं न् कशानं बिघडलं, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही."

शेवरीनं विचार केला. "आजी, वारा थांबव."

परीनं टिचकी वाजवली. गवताचं पातंही हलेना. फुलपाखरं हवेत टांगल्यासारखी तरंगली. शेवरीनं सहा बाण सोडले. सहाही डावीकडे.

"म्हणजे वारा बिचारा निर्दोष," परी म्हणाली आणि तिनं वाऱ्याला सोडून दिलं.

"मग बाणच वाकडे असतील. नवे दे."

सहा नवे बाण आले. सळसळीत सरळ, पोपटी पिसांचे, टोकाला रुपेरी चमक. शेवरीनं ते जपून सोडले. टप, टप, टप. सहाही डावीकडे, आणि सहाही एकाच जागी! कड्यावरचं तिथलं शेवाळ खरवडून निघालं होतं आणि खडकावर बशीएवढा पांढरा डाग पडला होता.

शेवरीनं धनुष्य खाली टेकवलं. "आजी, अंगण तर सरळ आहे. म्हणजे मीच वाकडी."

"एक इच्छा उरली आहे," परी हळूच म्हणाली. "जपून माग."

शेवरीनं पलीकडे पाहिलं. लाल फडकं डुगडुगत होतं. खाली येत होतं, पुन्हा दचकून वर जात होतं. आई उभ्या उभ्या पेंगत होती. शेवरीला वाटलं, आपण हजार बाण चुकलो तेवढ्या वेळा आईनं तो हात वर धरला.

"आजी, माझ्या आईला झोप लागू दे. छान, गाढ झोप."

"नक्की? मग मागायला काही उरणार नाही हं."

"नक्की."

परी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं टिचकी वाजवली. पलीकडे फडकं सावकाश खाली आलं. आई खडकाला टेकून बसली आणि तिची मान कलली.

"आता पलीकडे फडकं नाही," परी म्हणाली, "म्हणजे तुलाही उभं राहायचं बंधन नाही. नीज." शेवरी करवंदीच्या सावलीत आडवी झाली आणि डोळा मिटायच्या आत झोपली.

ती जागी झाली तेव्हा ऊन कलून केशरी झालं होतं. खांद्याची ठणक थांबली होती. आणि परी तिच्या गुडघ्यावर बसली होती.

"तू गेली नाहीस, आजी? इच्छा तर संपल्या."

"जायला हवं होतं. पण तुझ्या अंगावरच्या मुंग्या कोण हाकलणार? आणि इच्छा संपल्या तरी मला डोळे आहेत की. सकाळपासून तू वारा बघितलास, बाण बघितलेस. तुझ्याकडे मात्र कुणी नीट बघितलंच नाही. तो पांढरा डाग बघ. बाण चहूकडे विखुरले असते तर हात कच्चा म्हटलं असतं. एकाच जागी चुकणारा हात पक्का असतो, पोरी. तुझे हात शिकलेत. चूक एकच आहे, आणि ती दर वेळी तीच आहे."

मग परी उडून समोरच्या फांदीवर बसली. "दोन्ही हात पुढे कर. बोटांचं गोल कडं कर, आणि दोन्ही डोळ्यांनी मला त्यात पकड. दिसले? आता उजवा डोळा मीट."

"दिसतेस."

"आता तो उघड आणि डावा मीट."

शेवरी दचकली. "अगंबाई! तू बोटांच्या कड्यातून बाहेर पडलीस!"

"मी तसूभर हललेली नाही," परी खुदकन हसली. "तुझा डावा डोळा मोठा आगाऊ आहे. दोन्ही उघडे असले की नेम तोच धरतो. आणि बाण तर उजव्या गालाशी! आई तुझी उजव्या डोळ्याची, म्हणून तिचं जमतं. तू आईसारखीच उभी राहतेस, आईसारखीच ओढतेस, पण डोळा तुझा आहे. सावकाशीनं डाव्या हातानं ओढायला शीक. आज मात्र एकच गोष्ट बदलायची."

तिनं पळसाचं गोल पान शेवरीच्या डाव्या डोळ्यावर ठेवलं आणि शेवरीनं केसांच्या लाल फितीनं ते बांधलं. तेवढ्यात पलीकडे फडकं वर झालं. आई जागी झाली होती.

शेवरी उभी राहिली. ओढायचं तेवढंच ओढलं, धरायचं तिथंच धरलं. फक्त आता फट निराळ्या जागी दिसत होती. तिनं बोटं सैल सोडली.

टप असा आवाज आलाच नाही.

पोपटी पिसांचा बाण फटीत नाहीसा झाला होता. मग शेवरीच्या पायाशी पडलेलं सूत सरसरत पुढे धावू लागलं. पलीकडून कुणीतरी ते ओढत होतं!

"आजी, गेला! आजी, बघितलंस?" पानाच्या कडेनं डावीकडून भरपूर उजेड आत येत होता, सोनेरी, मग गुलाबी, मग मोत्यासारखा पांढरा. शेवरीनं घाईनं पान सोडलं. फांदी हलत होती. फांदीवर कुणी नव्हतं. करवंदीच्या जाळीवर चांदणी धूळ मात्र हळूहळू उतरत होती.

मग सल्ले देणारे सगळे धावले. सुताला सुतळी बांधली, सुतळीला दोर. भिवाआजोबांनी थरथरत्या हातांनी गाठी मारल्या, पण मारल्या घट्ट. सूर्य टेकायच्या आत आई दोन दोरांवरून पाऊल पाऊल टाकत अलीकडे आली. वाळली होती, केस विस्कटले होते, आणि तिला धड बोलवतही नव्हतं. तिनं शेवरीला कुशीत ओढलं.

"आज दुपारी झोप लागली बघ," ती म्हणाली. "अकरा दिवसांत पहिल्यांदा. कुणी थोपटावं तशी. तुला एकटीला उभी ठेवून मी झोपले गं."

शेवरीला सगळं सांगायचं होतं. परी, वारा, पोपटी पिसं, आगाऊ डोळा. तिनं तोंड उघडलं, तर मोठी जांभई आली.

आईनं तिच्या हातातून धनुष्य काढून घेतलं. "राहू दे. उद्या सांग," ती म्हणाली. "आता खाली बस, माझ्या राणी. मी इथंच आहे."