उलटा खांब

एका राज्यात धोंडसेन नावाचा राजा होता. राणीचे नाव हेमांगी. तिच्या बाळंतपणासाठी राजाने डोंगराच्या पायथ्याशी लाकडाचे घर बांधवले. चार कोपऱ्यांत चार खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर वासे, मधे कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर. लोखंडाचा खिळा कुठे नव्हता. सगळे लाकडी खुंट्यांनी बसवलेले.

त्या घरात राजकन्या जन्मली आणि झोपलीच नाही. रडेना, डोळा मिटेना, नुसती छपराकडे बघत राही. मग तिचे पाय लाकडाचे होऊ लागले. उंबऱ्याबाहेर नेले की अंग थंड पडे.

अंगणात सुतारपक्षी बसला होता. राणी म्हणाली, "पाखरा, माझ्या लेकीला कुणाचा शाप?"

"घराचा. इथे एक झाड डोक्यावर उभे आहे. त्याला झोप नाही, तर तिला कुठून येणार? त्याला ओळख. त्याची माफी माग. मग त्याला सरळ उभे कर. छप्पर मात्र पडू देऊ नकोस."

राणीने खांबन्‌खांब चाचपला. तीन खांबांत फांद्यांच्या गाठी वर वळलेल्या, चौथ्यात खाली. तिने घर बांधणाऱ्या रेवजी सुताराला बोलावले.

"रेवजीकाका, हा बुंधा वर कसा?"

"राणीसाहेब, जाड टोकावर तुळई ऐसपैस बसते. शिवाय वर नजरेत भरेल अशी वेल कोरा, हे तुमचेच फर्मान; तेवढी रुंदी बुंध्यालाच."

"वेल मागितली होती, काका. झाडाला शीर्षासन नव्हते सांगितले."

"मग दोघेही चुकलो म्हणा."

राणीने खांबाला हळदकुंकू वाहिले, कवेत घेतले. "बाबा, डोकं फार दुखलं असेल. माफ कर." खांबातून पाणी पाझरले.

रेवजीने तुळईला टेकू दिले, खुंट्या ठोकून काढल्या. एक टेकू करकरला.

"राणीसाहेब, बाहेर व्हा."

"लेक आत आहे," म्हणून राणीने तुळईखाली खांदा दिला. ते पाहून राजानेही मुकुट उतरवून खांदा दिला. रेवजीने खांब फिरवला, बुंधा खाली बसवला.

"वेल आता पायाशी आली," रेवजी ओशाळून म्हणाला.

"असू दे. लेक रांगायला लागली की तिच्या हाताशी येईल."

घराने लांब सुस्कारा सोडला. राजकन्येचे पाय मऊ झाले, तिने जांभई दिली आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून त्या राज्यात झाड तोडले की आधी बुंध्याला चुन्याची खूण करतात.

घर झोपले, लेक झोपली. राणी तेवढी तिच्या नाकापाशी बोट धरून पुन्हा पुन्हा बघत बसली.