ज्याच्यापाशी काम अडलं

एका नदीकाठच्या गावात लाडोजी नावाचा सुतार होता. नावा बांधण्यात त्याचा हातखंडा होता. त्या वर्षी गावाची जुनी नाव फुटली. वैद्य राहायचे पलीकडच्या काठावर. पूर यायच्या आत नवी नाव झाली नाही, तर पावसाळाभर गावाला वैद्य मिळणार नव्हते.

लाडोजीने हाताखाली माणसं घेतली. कुणी फळ्या कापायला, कुणी ठोकायला, कुणी पाणी शिरू नये म्हणून फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायला. पण कापण्याआधी फळीवर मापाची रेघ आखायची, ती मात्र त्यानेच. दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. त्यात नावेच्या टोकाला लावायचा मोर त्याने कोरायला घेतला. येणारे-जाणारे थांबून वाखाणत, आणि मोरावरून त्याचा हात काही निघेना.

काम रखडलं तशी त्याने आणखी माणसं आणली. तीही सावलीत बसून राहिली. एकदा ढग दाटून आलेले पाहून लाडोजी चिडला. सगळ्यांना त्याने ऐतखाऊ म्हणून झाडलं.

कापूस ठासणारी तान्हूबाई तेवढी शांतपणे म्हणाली, "लाडोजीदादा, फळी ठोकल्याशिवाय मी कापूस कुठं ठासू? ठोकणारा कापणाऱ्यासाठी थांबलाय, कापणारा रेघेसाठी. आणि रेघ तुमच्यापाशी अडलीय."

लाडोजीने उलट बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर फळ्यांच्या राशीवर गेली. एकाही फळीवर रेघ नव्हती. तो ओशाळला.

मोर अर्धवट टाकून तो उठला. फळ्या कापणाऱ्या भिवाला जवळ बसवून त्याने रेघ आखायला शिकवलं. भिवाची पहिली रेघ वाकडी आली. लाडोजीचे हात शिवशिवले, पण त्याने रेघ आखायचं सूत हिसकावून घेतलं नाही. पुन्हा आख, एवढंच म्हणाला. मग दोघं मिळून आखू लागले. आधी तळाच्या फळ्या घेतल्या, कारण बाकीचं सगळं त्यांच्यावर उभं राहायचं होतं. वल्ही कशावाचून अडत नव्हती. रिकामे बसलेले ती घडवायला लागले. एकीकडे करवत, एकीकडे हातोडा, त्यामागोमाग तान्हूबाईचा कापूस. सावलीत आता कुणी दिसेना.

नदी फुगायला लागली त्या सकाळी नाव पाण्यात उतरली. पहिल्याच खेपेला वैद्य अलीकडे आले आणि तापाने फणफणलेल्या एका लेकराकडे लगबगीने गेले. लाडोजी आणि भिवा काठावरून पाहत होते.

"पुढची नाव तू आख," लाडोजी म्हणाला. "मी फळ्या ठोकतो."

तात्पर्य: ज्या कामावाचून इतरांची कामं खोळंबतात, ते सर्वांत आधी करावं, आणि ते आपल्यापाशीच अडलं असेल, तर दुसऱ्याच्या हाती सोपवायला कचरू नये.